एकट्यासाठी रात्रीचा स्वयंपाक: तुम्ही माप काय धरता?

उद्यमनगरी
सोमवार, रात्री १०:४०

गेल्या जूनपासून मी कोल्हापुरात एकटा राहतोय. बायकोची बदली रत्नागिरीला झाली, मुलगी लहान म्हणून तीही तिकडं गेली. माझं काम उद्यमनगरात मशीन शॉपमध्ये आहे, ते सोडून जाता येत नाही. दुपारचा डबा कारखान्याशेजारच्या मावशींकडून येतो, त्याची काही तक्रार नाही. प्रश्न रात्रीचा. पहिले दोन महिने एका मेसमध्ये जेवलो. तिथं रस्सा रोज एकच, आतली भाजी तेवढी बदलायची. पोटात आग पडायला लागली तेव्हा ठरवलं, रात्रीचं आपलं आपण करायचं.

मला स्वयंपाक येत नव्हता असं नाही. गावच्या यात्रेला पन्नास-साठ माणसांचा रस्सा मी केलाय. अडचण उलटी होती, एकट्याचा स्वयंपाक येत नव्हता. आईला फोन लावला की ती घरच्या सहा माणसांचं माप सांगणार. पिठल्याला अडीच वाट्या बेसन, तांब्याभर पाणी, दोन पळ्या तेल. मी त्याला सहानं भागलं आणि घरातल्या मोठ्या कढईत केलं. तेल तळाला एका कोपऱ्यात गोळा झालं, मोहरी तडतडली नाही, लसूण करपला आणि पिठल्याचा दगड झाला. तीन रात्री असंच. चौथ्या रात्री कढईकडं बघत उभा राहिलो तेव्हा डोक्यात आलं की चूक भागाकारातच आहे.

तेल माणसांवर धरायचं नसतंय, भांड्याच्या तळावर धरायचं असतंय. मोहरी-लसणाला बुडायला तेल लागतंच, माणूस एक असो की सहा. पाण्याचंही तसंच. ते भांड्याच्या तोंडातून उडतंय. रुंद कढईत सहा जणांच्या आमटीतून दहा मिनिटांत जेवढं पाणी जातं, जवळजवळ तेवढंच एकट्याच्या आमटीतूनही जातं. सहा जणांच्यात ते कळत नाही, एकट्याच्यात आमटीच संपते. म्हणून मी गुजरीच्या बाजूला एका भांड्याच्या दुकानातून सहा इंची लोखंडी कढई आणली आणि झाकणाचं एक लहान पातेलं. तेवढ्यानं निम्मं काम झालं.

आता माझं पिठलं असं. अर्धी वाटी बेसन, दोन वाट्या पाणी. वाटी आपली आमटीची नेहमीची. बेसन आधी थोड्या पाण्यात गुठळी मोडून कालवायचं. कढईत दोन चहाचे चमचे तेल, मोहरी, जिरं, ठेचलेल्या पाच-सहा लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, अर्धा कांदा. कांदा मऊ झाला की हळद, उरलेलं पाणी, मीठ. पाण्याला खळखळून उकळी आली की मगच बेसन, एका हातानं ओतत दुसऱ्या हातानं हलवत. झाकण ठेवून बारीक आचेवर सात-आठ मिनिटं. झाकण काढल्यावर कच्च्या बेसनाचा वास आला तर अजून दोन मिनिटं. दोन भाकऱ्यांना बरोबर पुरतंय, ताटात काही उरत नाही.

दुसरं म्हणजे अख्खा मसूर. कराड-इस्लामपूरकडच्या ढाब्यांवर मिळतो तसा लोण्यातला नाही, घरचा. अर्धी वाटी मसूर सकाळी कामावर जाताना भिजत घालतो. रात्री आलो की लहान पातेल्यात, कुकर न लावता, वीस-पंचवीस मिनिटांत शिजतो. तेवढ्यात भाकरी होते. कांदा, टोमॅटो, एक चमचा चटणी (आपली कांदा-लसणाची), शेवटी कोथिंबीर. थोडा मसूर पळीनं भांड्याच्या कडेला रगडायचा म्हणजे रस्सा मिळून येतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, रात्री काहीतरी गरम आणि पातळ पाहिजे, ज्यात भाकरी कुस्करता येईल. तेवढं असलं की झोप लागते. तुमच्यात कोण एकटं राहतंय आणि रात्री काय करतंय? आणि माप काय धरताय? मला पदार्थाच्या नावापेक्षा मापच पाहिजे.


पेठेतली
सोमवार, रात्री ११:२५

दादा, मापाचं अगदी खरं लिहिलंत. मी ६१ वर्षांची, मंगळवार पेठेत राहते. या घरात अकरा माणसांचा स्वयंपाक केलाय मी, दोन वेळा, तीस वर्षं. आता एकटी आहे. सुरुवातीला हात आवरायचाच नाही. मूठ डाळीच्या डब्यात गेली की अकरा जणांची डाळ बाहेर. मग तीच आमटी तीन दिवस. शेवटी डब्यातली मोठी वाटी काढली आणि नातवाची लहानपणीची चांदीची वाटी टाकली. ती एक भरली की माझी डाळ झाली. डोक्याला विचार करायला लागू नये, असं माप डब्यातच ठेवावं.

तुम्ही घुटं करून बघा. काळ्या उडदाची सालासकट डाळ तव्यावर कोरडीच भाजायची, खमंग वास सुटेपर्यंत. मी आठवड्याची एकदम भाजून ठेवते. पाव वाटीपेक्षा थोडी जास्त डाळ, दोन वाट्या पाणी, हळद, कुकरला चार शिट्ट्या. मग रवीनं चांगली घोटायची. नावच घुटं, तेव्हा घोटण्यात कंटाळा नको. हिरवी मिरची, लसूण, जिरं, कोथिंबीर ठेचून तेलात परतायची आणि वर ओतायची. यात लाल चटणी घालू नका. उडदाला हिरव्या मिरचीचीच चव पाहिजे. रात्री भाकरी नको वाटली तर नुसतं वाटीभर घुटं पिऊन झोपलं तरी पोट भरतं.

आणि सांडगे. एकट्या माणसासाठी त्याच्यासारखं काही नाही. उन्हाळ्यात एकदा घालून वाळवले की वर्षभर डब्यात. मूठभर सांडगे तेलात तांबूस परतायचे, कांदा, चटणी, दोन वाट्या गरम पाणी, दहा-बारा मिनिटं. भाजी चिरायची नाही, डाळ भिजवायची नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आठवतो ना? पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, तेव्हा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमच्या पेठेत पाणी शिरलं नाही, पण शिरोलीजवळ महामार्ग बंद, शहरात भाजी येईना, दूध येईना. उपसा केंद्रं पाण्यात गेल्यामुळे नळाला पाणी नाही. टँकरची रांग लावून दोन घागरी मिळायच्या, त्यात पिणं, स्वयंपाक आणि भांडी. त्या दिवसांत मी सांडग्यांवर आणि हुलग्यांवर (म्हणजे कुळथावर) राहिले. एका भांड्यात शिजेल आणि त्याच भांड्यात खाता येईल असंच करायचं, म्हणजे घासायला एकच भांडं. पूर ओसरला, पण ती सवय मी ठेवली. तेव्हापासून माझ्याकडे सांडगे, हुलग्याचं पीठ, भाजलेली उडीद डाळ आणि शेंगदाण्याचं कूट हे चार डबे कधी रिकामे नसतात. घरात भाजी नसली तरी जेवण आहे, एवढा धीर त्याने येतो.


चंदगडचा
मंगळवार, सकाळी ७:१०

उद्यमनगरी दादा, काकू, दोघांचं वाचलं. मी विद्यापीठाजवळ खोली घेऊन राहतोय, एमएस्सीचं दुसरं वर्ष. घरमालक गॅस ठेवू देत नाहीत, एक इंडक्शन शेगडी आहे आणि स्टीलचं एक तीन लिटरचं पातेलं. तवा नाही. आमच्याकडं चंदगडला भातच जास्त, भाकरी म्हणजे नाचणीची, तीही आई करते. मला थापायला येत नाही. घरून तांदूळ येतो पोत्यानं. रोज रात्री भात आणि मॅगीचा मसाला घालून उकडलेले बटाटे असं चाललंय. पोट भरतंय, पण तासाभरानं परत भूक लागते. एका भांड्यात होईल असं काहीतरी सांगा. भात सोडून सांगितलं तर अजून चांगलं.


शाहूपुरी_गल्ली
मंगळवार, दुपारी १:३०

मी जरा वेगळं सांगतो. नऊ वाजता दुकान बंद करून घरी येऊन, पीठ मळून, थापून भाकरी करायची म्हणजे जेवायला दहा वाजतात. मी चार वर्षं एकटा आहे. सुरुवातीला सगळं ताजं करायच्या हट्टापायी दमलो आणि महिनाभरात बाहेरचं खायला लागलो. आता आमच्या गल्लीत एक ताई भाकऱ्या करून देतात, त्यांच्याकडून येताना दोन घेतो. कालवण एक दिवसाआड करतो, दोन रात्रींचं एकदम. वाटीभर डाळ, फोडणी मात्र दुसऱ्या दिवशी नवीन. पहिल्या रात्री साधी आमटी, आमसूल-गूळ घालून. दुसऱ्या रात्री त्याच डाळीत पालक नाहीतर चाकवत. चव वेगळी, शिळं वाटत नाही.

ताजं खावं हे खरं, पण एकट्या माणसानं आपल्या अंगात किती जोर उरतोय तेही मापात धरावं.


आहार_विचार
मंगळवार, दुपारी ३:०५

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. शाहूपुरी दादांच्या दोन दिवसांच्या आमटीबद्दल एवढंच सांगते: फोडणीच्या आधीच निम्मी डाळ बाजूला काढून, गार झाली की लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी खळखळून उकळवा. मग काही अडचण नाही.

भाताचं मात्र वेगळं आहे, आणि हे चंदगडच्या मुलासाठी मुद्दाम लिहिते. सकाळी भात करून रात्रीपर्यंत खोलीत तसाच ठेवायचा नाही. तांदळात बॅसिलस सेरेयस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवतानाही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांचं एक विष तयार होतं, जे पुन्हा गरम करूनही जात नाही. उलट्या झाल्या की मुलं म्हणतात बाहेरचं काही खाल्लं नव्हतं, आणि खोलीवरचा दुपारचा भात कुणी मोजत नाही. तुझ्याकडे फ्रिज नसेल तर एका वेळचाच भात कर, अर्धी-पाऊण वाटी तांदूळ. वाटीभर तांदळाचा किती भात होतो ते एकदा बघ म्हणजे अंदाज येईल.

परत भूक का लागते, त्याचं उत्तर सोपं आहे. भात आणि बटाटा दोन्ही पिष्टमय, प्रथिनं कमी. उद्यमनगरी दादांचा अर्धी वाटी मसूर म्हणजे साधारण ६० ग्रॅम, त्यातच १४-१५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळी-कडधान्यांत भरपूर. डाळींत मेथिओनिन कमी, ते धान्यातून येतं. आपल्या आज्यांनी आमटी-भाकरी, पिठलं-भाकरी, हुलगा-ज्वारी या जोड्या लावल्या त्या पोटाला टिकतात त्या यामुळे. तेव्हा मुला, भात खा, पण त्याच्याबरोबर मूठभर डाळ त्याच पातेल्यात टाक.

आणखी एक. आपल्या कांदा-लसूण चटणीत मीठ असतंच. एकट्याच्या आमटीत चमचाभर चटणी पडली की वेगळं मीठ निम्म्यावर आणा आणि चव बघूनच वाढवा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगितलंय, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, दिवसभराचं सगळं धरून. एकट्या माणसाच्या स्वयंपाकात चव बघायला दुसरं कुणी नसतं, त्यामुळे मीठ हळूहळू वाढत जातं. माझ्याकडे येणाऱ्या एकट्या राहणाऱ्या बऱ्याच लोकांत मी हे पाहिलंय.


उद्यमनगरी
मंगळवार, रात्री १०:१५

आहार ताई, चटणीतल्या मिठाचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आज मीठ न घालता आमटी केली, चिमूटभर शेवटी लागलं फक्त.

शाहूपुरी दादा, तुमचं पटलं. दमलेल्या माणसानं विकतची भाकरी घेतली तर त्यात काय चुकलं. पण मी भाकरी का सोडत नाही ते सांगतो. दिवसभर मशीनसमोर उभा असतो, कानात आवाज. घरी आल्यावर परातीत गरम पाणी, पीठ आणि हात, एवढीच पंधरा मिनिटं कुणी काही बोलत नाही आणि मलाही काही विचार करायला लागत नाही. पहिली भाकरी टम्म फुगली की दिवस उतरतो अंगावरनं.

ज्यांना शिकायचंय त्यांच्यासाठी माप: मोठ्या एका भाकरीला एक वाटी ज्वारीचं पीठ, शाळूचं असलं तर उत्तम. मी दोन भाकऱ्यांचं पीठ वेगवेगळं मळतो, एकदम नाही, कारण पहिली भाजेपर्यंत दुसऱ्याचं पीठ सुकतं आणि कडा फाटतात. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून उकळतं पाणी. निम्म्या पिठात ते ओतून उलथण्यानं कालवायचं, हाताला सोसेल इतकं झालं की उरलेलं पीठ घालून तळव्यानं खसाखसा मळायचं. मळण्यातच सगळं आहे. थापून झाली की तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवायचं, ते सुकायच्या आत उलटायची, आणि तिसऱ्या वेळी थेट जाळावर.

एकट्या माणसाला यात खरी अडचण पिठाची. गिरणीत किलो-दोन किलोच्या खाली कोण दळून देतंय? आणि महिनाभर पीठ राहिलं की त्याची विरी जाते, भाकरी थापतानाच तुटते. मी आमच्या गिरणीवाल्यांना सांगितलं की शेजारच्या काकूंच्या दळणात माझी एक किलो ज्वारी घाला. काकूंचं दळण दर दहा दिवसांनी असतं. आता मला दर दहा दिवसांनी ताजं पीठ मिळतंय. बदल्यात त्यांचा डबा मी गिरणीतून घरी पोचवतो.


कागल_रात्रपाळी
बुधवार, रात्री १:२०

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आहे. दुसऱ्या पाळीला खोलीवर यायला बारा-साडेबारा होतात. त्या वेळी जड खाल्लं तर झोप नाही, उपाशी झोपलं तर पहाटे चारला जाग. माझा उपाय कण्या. जोंधळा गिरणीत भरडून आणायचा, रवाळ. दुपारी निघताना पाऊण वाटी कण्या धुऊन चौपट पाण्यात मीठ घालून शिजवतो, लागलं तर वर अजून पाणी. शिजल्या की डबा थंड पाण्यात ठेवून निववायच्या आणि फ्रिजमध्ये. रात्री आल्यावर त्यात ताक, वर जिऱ्याची आणि लसणाची फोडणी, बरोबर कच्चा कांदा. शेगडी दोन मिनिटं पेटते, तीही फोडणीपुरती.

शुक्रवारी अंड्याचा रस्सा, दोन अंडी. कांदा-खोबरं भाजून वाटायचं काम एकट्यापुरतं होत नाही, मिक्सरच्या भांड्यात फिरतच नाही तेवढं. म्हणून रविवारी चार कांदे आणि अर्धी वाटी सुकं खोबरं भाजून, आलं-लसूण घालून वाटतो आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवतो. एक वडी एका रश्शाला.


पेठेतली
बुधवार, सकाळी ९:००

वाटणाच्या वड्या! आजच करते.

चंदगडच्या बाळा, तुझ्यासाठी शेंगोळी. तवा नको, एकच पातेलं, आणि भात नाही. लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानात हुलगे मिळतील, अर्धा किलो घेऊन गिरणीत दळून घे, किंवा तयार पीठ घे. एक वाटी हुलग्याचं पीठ, त्यात दोन चमचे ज्वारीचं किंवा गव्हाचं, लसूण-जिरं ठेचून, चटणी अर्धा चमचा, हळद, मीठ बेताचं. घट्ट मळायचं, चपातीपेक्षा घट्ट. तळहातावर तेलाचं बोट लावून त्याच्या करंगळीएवढ्या वळ्या करायच्या, टोकं जुळवून कडं केलंस तरी चालेल. पातेल्यात दोन चमचे तेल, लसणाची फोडणी, साडेतीन वाट्या पाणी. तुझं पातेलं मोठं आहे, पाणी जास्त उडेल, म्हणून झाकण ठेव. पाणी चांगलं उकळल्याशिवाय शेंगोळी टाकू नकोस, नाहीतर विरघळतात. एकेक सोड आणि पाच मिनिटं हात लावू नकोस. मग हलक्या हातानं हलवून पंधरा मिनिटं शिजव. एक तोडून बघ, आत पांढरं कच्चं दिसलं नाही की झालं. शेवटी चमचाभर शेंगदाण्याचं कूट. ताटलीत घेऊन, वर कच्चं तेल आणि कांदा.

रात्री फार थंडी असली तर हुलग्याच्याच पिठाचं माडगं कर. दोन चमचे पीठ पाण्यात कालवून, उकळत्या गुळाच्या पाण्यात घालायचं आणि हलवत राहायचं. गूळ आपल्याकडचा आहेच.

आता भाजीच्या पेंडीचं. कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. कपिलतीर्थ मंडईत मेथीची पेंडी घेतली की ती चौघांची असते. अर्धी पेंडी कुणी देत नाही आणि मागूही नये, त्या बायका पहाटे गावातून येतात. मी पेंडी घेते, मुळं कापत नाही. कागदात सैल गुंडाळून फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात. पहिल्या रात्री निवडून निम्मी परतून, नुसती लसूण-मिरचीवर. दोन दिवसांनी उरलेली पातळ भाजी, मूगडाळ मूठभर आणि थोडं बेसन लावून. देठ कोवळे असले तर टाकायचे नाहीत. पोकळा, चाकवत यांचंही असंच. वांगी मात्र मोजून घ्यावीत. "चारच द्या" म्हणायला लाज कसली? सुरुवातीला मला वाटायची. अकरा माणसांची भाजी दोन पिशव्यांत नेणारी बाई मी, भाजीवाली ओळखीची, ती विचारणार एवढीच का. एके दिवशी तिने विचारलंच. मी सांगितलं. तेव्हापासून ती माझ्यासाठी चार कोवळी वांगी बाजूला काढून ठेवते, आणि वरण्याच्या शेंगा आल्या की ओंजळभर वेगळ्या. वरणं-वांगं करायला तेवढं पुरतं.


पुण्यातून_वाचतेय
बुधवार, दुपारी २:४५

माझे वडील कळंब्याला एकटे असतात, ७४ वर्षांचे. रोज विचारते जेवलात का, ते म्हणतात हो. मागच्या महिन्यात गेले तर फ्रिजमध्ये ब्रेड आणि दूध, बाकी काही नाही. पेठेतली काकू, तुमचं घुटं मी त्यांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले त्यांची आई करायची, आणि डाळ भाजायची की नाही यावर माझ्याशी दहा मिनिटं बोलत बसले. काल त्यांनी केलं. फोटो पाठवला. कोथिंबीर नव्हती म्हणून कांद्याची पात घातलीय.


पेठेतली
बुधवार, दुपारी ४:१०

पात चालते. त्यांना सांगा, घोटताना थोडं गरम पाणी घालत राहा, गार झालं की घुटं घट्ट बसतं. दात नसतील तर भाकरी त्यातच कुस्करून पाच मिनिटं झाकून ठेवायची.


शाहूपुरी_गल्ली
बुधवार, रात्री ९:५०

कळंब्याला कुठं राहतात तुमचे वडील ते इथं लिहू नका, पण त्यांच्या गल्लीत भाकऱ्या करून देणारं कुणी ना कुणी असणार. त्यांना किराणा दुकानात विचारायला सांगा, दुकानदाराला माहीत असतं. भाकरी बाहेरून आली की घरी फक्त एक पातेलं चढवायचं राहतं, आणि ते माणूस करतो. भाकरीच्या विचारानंच माणूस ब्रेडकडं वळतो, मी वळलो होतो.


चंदगडचा
शनिवार, रात्री ९:३०

काकू, शेंगोळी केली. पहिल्या वेळी पाणी नीट उकळायच्या आधीच टाकली आणि निम्मी विरघळून आमटी झाली, तीही खाल्ली, चांगली लागली. आज दुसऱ्यांदा केली, सगळी अख्खी राहिली. शेजारच्या खोलीतला मित्र वासानं आला. एक वाटी पिठाची दोघांना पुरली नाही, उद्या दीड वाटी. अकरापर्यंत अभ्यास केला काल, भूक लागली नाही.

आहार ताई, भाताचं वाचल्यावर आता रात्री एकदाच करतोय, त्यात मूगडाळ.

एक विचारायचं होतं. मटण एकट्यासाठी करता येतं का? घरी कधी पाव किलो आणलेलं बघितलंच नाही. परीक्षा संपली की करावं म्हणतोय.


उद्यमनगरी
शनिवार, रात्री १०:३०

भावा, येतंय की. मला पण वाटायचं मटण म्हणजे किमान किलो. खाटकाकडं पाव किलो मागताना तोंडातनं शब्द निघायचा नाही. आता सांगतो, पाव किलो, निम्मं हाडाचं, मांडीचं आणि एक नळी. हाड पाहिजेच, नाहीतर अळणीला (चटणी घालायच्या आधीच्या मटणाच्या पाण्याला) चव नाही.

एकट्यानं तांबडा-पांढरा दोन्ही करायच्या नादाला लागू नये. पांढऱ्याला खोबऱ्याचं दूध, काजू, खसखस, सगळं एवढं एवढं करत बसायचं आणि वाटीभर रस्सा व्हायचा. पांढरा घरच्यांबरोबर करावा. एकट्याचा पदार्थ म्हणजे अळणी. मटण धुऊन हळद, मीठ, आलं-लसूण लावून अर्धा तास ठेव. पातेल्यात चमचाभर तेलात कांदा परत, त्यात मटण टाकून पाणी सुटेपर्यंत झाकून ठेव, झाकणावर पाणी. मग तेच झाकणावरचं गरम पाणी आत, एकूण चार वाट्या. इंडक्शनवर तास-सव्वा तास लागेल, तुझ्याकडं कुकर नाही. घाई करू नको, बोटानं दाबून तुटलं की शिजलं. त्यातली दीड वाटी आधी काढून घे आणि गरम गरम पी. उरलेल्यात चटणी, कागलच्या दादांची वाटणाची वडी, आणि दहा मिनिटं उकळी. एका पातेल्यात दोन्ही झालं.


पेठेतली
शनिवार, रात्री १०:५०

आणि भात त्या दिवशी कर हं. लहान मुलांना आपण पहिल्यांदा अळणी भातच भरवतो. आजरा घनसाळ मिळाला तर तो घे, नाहीतर घरचा आहेच तुझा. अळणीत कालवून, वर लिंबू.


चंदगडचा
शनिवार, रात्री ११:०५

परीक्षा १९ तारखेला संपतेय. मित्र धरून अर्धा किलो आणतो. काकू, अर्ध्या किलोला पाणी किती?


उद्यमनगरी
शनिवार, रात्री ११:१२

सहा वाट्या. आठ नको. पातेलं तेच आहे न्हवं तुझं.